एक्स-रे नॉर्मल आहे, मग मान का दुखतेय?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून): मुलुंडला राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. सात आठवड्यांपूर्वी दादरहून घरी येताना ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना मागून टेम्पोने ठोकलं. मिस्टर चालवत होते, ताई त्यांच्या बाजूच्या सीटवर होत्या, आणि नेमक्या तेव्हाच मागे वळून सासूबाईंना पाण्याची बाटली देत होत्या. बंपर चेपला, डिकी थोडी वाकली, बाकी काही नाही. टेम्पोवाल्याने जागेवर सहा हजार दिले, पोलिसांत कोणी गेलं नाही. त्या रात्री काहीच वाटलं नाही, सकाळी उठल्या तर मान हलेना. एक्स-रे नॉर्मल. गोळ्या आणि मानेचा पट्टा मिळाला, पट्टा अजून ऑफिसला जाताना लावतात. मान आखडलेली, डोक्याच्या मागून कळ येते, मागून हॉर्न वाजला की छातीत धडधडतं. मिस्टर म्हणतात, मी पण त्याच गाडीत होतो, मला काही झालं नाही, रिपोर्ट क्लिअर आहे, आता डोक्यातून काढ. "सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांचीही कंबर तेव्हापासून धरते पण त्या बाम लावून सगळं काम करतात, एक शब्द बोलत नाहीत, त्यामुळे मीच नाटक करते असं वाटतं सगळ्यांना." त्यांनी विचारलंय: एमआरआय काढून घरच्यांना दाखवू का? मोठी रजा घेऊन पूर्ण आराम करू का? आणि आता टेम्पोवाल्याकडे काही मागणं हावरटपणा होईल का?

उत्तर:

ताई, तुमच्या मानेकडे येतेच, पण तुमचं पत्र वाचताना मी अडकले ते सासूबाईंच्या वाक्यावर. ते तुम्ही स्वतःला कमी लेखायला लिहिलंय, बघा त्या किती सोसतात आणि मी किती रडते असं, आणि मला मात्र ते वाचून तुमच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटली. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ६८ वर्षांची बाई, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, मागच्या सीटवर (सीटबेल्ट लावला होता का ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुतेक नसावाच), धक्का बसला आणि तेव्हापासून सात आठवडे कंबर धरते, हे ऐकलं की आम्ही आधी एक्स-रे काढायला सांगतो आणि मग बाकीचं बोलतो. या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि मणका दबायला खूप मोठा अपघात लागतोच असं नाही, रिक्षा खड्ड्यात आदळली तरी दबू शकतो. पाठ जिथे संपते आणि कंबर सुरू होते तिथले मणके सगळ्यात जास्त दबतात आणि म्हणून सगळे "कंबर धरली" म्हणतात आणि बाम लावतात.

तेव्हा त्यांना एवढंच विचारा की पलंगावरून उठताना, कूस बदलताना, थोडा वेळ उभं राहिल्यावर जास्त दुखतं का, आणि आडवं पडलं की बरं वाटतं का. आणि उत्तर काहीही येवो, या आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच. सायन, केईएम, नायर, कूपर कुठेही ऑर्थोच्या ओपीडीत केस पेपर काढा, रांग लागेल, पण काम होतं. डॉक्टरांना "कंबर दुखते" एवढंच सांगू नका, "अपघातानंतर सुरू झालं" हे शब्द वापरा, कारण ऐकणाऱ्याचा विचार त्यानेच बदलतो. हाडांची घनता मोजायची टेस्ट लागेल का तेही विचारा. तोपर्यंत कंबरेला मालिश नाही, कोणी हाडवैद्य सुचवला तर अजिबात नाही, विळीवर बसून वाकून भाजी चिरणं आणि पाण्याच्या बादल्या उचलणं बंद. त्या ऐकणार नाहीत हे मला माहितीये, तुम्ही सांगितलं तर तर नाहीच, म्हणून हे त्यांच्या मुलाने सांगावं.

आता तुमची मान.

मिस्टरांच्या म्हणण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे एक्स-रेमध्ये काही नाही म्हणजे काही झालंच नाही, आणि दुसरी म्हणजे एकाच गाडीत होतो म्हणजे धक्का सारखाच. एक्स-रेत हाड दिसतं. मानेचे स्नायू, मणके बांधून ठेवणाऱ्या लिगामेंट, मागच्या बारीक सांध्यांची आवरणं यातलं काहीच त्यात दिसत नाही आणि मागून धडक बसली की दुखावतं ते बहुतेक हेच. पाय मुरगळला की बहुतेक वेळा एक्स-रे नॉर्मलच येतो, घोटा सुजलेला असतो आणि कोणी म्हणत नाही की नाटक करतेस, कारण सूज डोळ्यांना दिसते. मानेचं तसं दिसत नाही एवढाच फरक आहे.

होतं काय की मागून धक्का बसला की सीट आधी पाठीला पुढे ढकलते पण साडेचार पाच किलोचं डोकं तिथेच मागे राहतं, त्यामुळे मान खालच्या बाजूला मागे वाकते आणि वरच्या बाजूला पुढे, आणि मग डोकं झटक्याने पुढे येतं. हे सगळं इतकं पटकन होतं की स्नायूंना आवळायला वेळच मिळत नाही. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी दुखायला लागणं हे संशयास्पद नाही, उलट अगदी नेहमीचं आहे, काही तासांनी किंवा एक दोन दिवसांनी आखडणं सुरू होतं. मिस्टर सरळ बसले होते, डोकं हेडरेस्टच्या पुढे, हातात स्टिअरिंग, आरशात टेम्पो येताना दिसलाही असेल. तुमची मान पूर्ण वळलेली होती, तशा मानेला धक्का जास्त लागतो. शिवाय व्हिपलॅश बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बंपर थोडासाच चेपला म्हणून मानही थोडीशीच दुखावली असेल असंही ठरवता येत नाही. त्यामुळे त्यांना काही झालं नाही हे खरं आणि तुम्हाला झालं हेही खरं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पण ताई, आता तुम्हालाही एक विचारते, रागावू नका. एमआरआय तुम्हाला मानेसाठी हवाय की घरच्यांसाठी? पत्रात तुम्ही "दाखवू का" लिहिलंय म्हणून विचारतेय. कारण घरच्यांना दाखवायला काढलेला एमआरआय दोन्हीकडून अंगावर येतो. नॉर्मल आला तर "बघ, सांगत होतो ना", आणि काही आलं तर तुम्हीच घाबरणार. आणि काहीतरी येण्याची शक्यता खूप आहे. जपानमध्ये १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला होता ज्यांना मानेचा काहीच त्रास नव्हता, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात ८७.६ टक्के लोकांची डिस्क (दोन मणक्यांमधली चकती) कुठे ना कुठे फुगलेली निघाली. म्हणजे रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" वाचून हातपाय गाळून बसणारी माणसं मी रोज बघते आणि त्यातल्या कितीतरी जणांची डिस्क अपघाताच्या आधीपासूनच तशी असणार. दुखण्याचा पुरावा मागत बसलात तर तुम्ही रोज मान तपासत बसाल, अजून दुखतंय ना, किती दुखतंय, आणि त्याने मान अजून आखडते. पुराव्यापेक्षा हे बघा की मागच्या आठवड्यात जे जमत नव्हतं ते या आठवड्यात जमतंय का, डोक्यावरून ड्रेस घालणं, रस्ता ओलांडताना वळून बघणं, तासभर कॉम्प्युटरसमोर बसणं. एका वहीत लिहून ठेवा, हेच डॉक्टरांनाही दाखवायला सगळ्यात उपयोगी पडतं.

एमआरआय लागतो तो वेगळ्या वेळी. हातात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, बोटांची पकड सैल झाली असेल, कप हातातून सुटतो, साडीला पिन लावता येत नाही, असं काही असेल तर थांबू नका, डॉक्टर स्वतःच सांगतील एमआरआय. आणि चालताना तोल जायला लागला, पाय जड पडायला लागले, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जायचं, रात्र असली तरी. हे सासूबाईंनाही लागू आहे. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही ही चांगली गोष्ट आहे.

पट्टा काढा. म्हणजे आजच फेकून देऊ नका, पण सात आठवडे खूप झाले. व्हिपलॅशला पट्टा लागलाच तर पहिले थोडे दिवस, त्यानंतर तो मानेला आळशी करतो, स्नायू कमजोर होतात आणि पट्टा काढला की जास्त दुखतं, मग आपण परत लावतो. मला वाटतं तुम्ही तो आता मानेसाठी कमी आणि लोकलमध्ये बायकांनी धक्का मारू नये म्हणून जास्त लावता, आणि ते मी समजू शकते, गर्दीत कोणाला सांगणार मान दुखतेय म्हणून. या आठवड्यात फक्त स्टेशन ते स्टेशन लावा, ऑफिसमध्ये आणि घरी नाही, पुढच्या आठवड्यात तोही बंद.

मोठ्या रजेचंही तेच. पूर्ण आरामाने मान बरी होत नाही, हळूहळू हलवण्याने होते, पूर्वी डॉक्टर बरेच दिवस आराम करायला सांगायचे पण आता तसं सांगत नाहीत. ऑफिसला जा, फक्त प्रवास बदला. थोडं लवकर निघा आणि मागून भरून येणाऱ्या ट्रेनपेक्षा ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, मुलुंडला ती बऱ्यापैकी मोकळी असते. उभं राहावं लागलं तर दुखऱ्या बाजूचा हात वर करून कडी धरू नका. एका खांद्यावरची पर्स सोडून दोन पट्ट्यांची सॅक घ्या. मोबाईल डोळ्यांसमोर धरा नाहीतर बॅगेत ठेवा, मान खाली घालून तासभर रील बघणं मानेला महाग पडतं. रात्री एकच उशी.

व्यायाम फिजिओकडे जाऊन शिका, व्हिडिओ बघून नको, कारण तुमची मान कुठल्या बाजूला किती वळते ते कोणीतरी हाताने तपासायला हवं. मोठ्या पालिका हॉस्पिटलांत फिजिओचा विभाग असतो, हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथेही जाता येईल. तोपर्यंत घरी एवढं करायला हरकत नाही: गरम पाण्याची पिशवी दहा पंधरा मिनिटं, मग बसून हळूहळू मान डावीकडे, मधे, उजवीकडे, ताण जाणवेपर्यंत, कळ येईपर्यंत नाही. हनुवटी सरळ मागे घ्यायची, खाली नाही, आणि सोडायची. खांद्याची पाती मागे एकमेकांकडे ओढायची आणि सोडायची. थोडं थोडं, दिवसातून चार पाच वेळा, एकदम एकाच वेळी अर्धा तास नको. आणि रोज चाला. व्यायामानंतर थोडं दुखणं वाढलं आणि काही तासांत परत जागेवर आलं तर ते चालतं, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर कमी करा.

हे सगळ्या वाचकांसाठी: सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडाकड मोडून देतात ना, ते अपघातानंतर तर नाहीच पण एरवीही करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते आणि त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. असं क्वचित होतं, पण फुकटच्या मालिशसाठी कशाला.

बहुतेक लोकांची मान काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरीचशी सुधारते. काहींची रेंगाळते आणि त्यात "आता मी बरी होणारच नाही" ही भीती मोठी भर घालते, हेही अभ्यासांत सारखं दिसतं. म्हणून मनाचा संबंध आहे, पण मिस्टर म्हणतात तसा नाही. दुखणं मनातून येत नाही, पण भेदरलेलं मन ते लवकर जाऊ देत नाही. हॉर्न वाजला की धडधडतं ते खोटं नाही, तुमच्या शरीराला अजून वाटतंय की मागून कोणीतरी येतंय. गाडीत बसणं टाळू नका, आधी रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर छोट्या फेऱ्या मारा, मग हायवे. स्वतः चालवत असाल तर दोन्ही बाजूंना मान मोकळी वळेपर्यंत चालवू नका. अपघाताची स्वप्नं पडत असतील, झोप उडाली असेल तर समुपदेशकाशी बोला, टेली मानस म्हणून सरकारची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

मिस्टरांना गाडीचं काम द्या. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाशी यायला हवी आणि डोकं त्याच्या अगदी जवळ हवं, आपल्याकडे ती खाली दाबलेली असते आणि वर एक फुगीर उशी लटकवलेली असते, ती काढून टाका, ती डोक्याला पुढे ढकलते. आणि मागच्या सीटचं कव्हर उघडून बघा, बेल्टचे बक्कल आत दाबून कव्हर शिवलेलं असतं बऱ्याच गाड्यांत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते, त्यानंतर नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला, एक हजार दंड आहे, आणि तरी आपण सासूबाईंना म्हणतो, मागे कशाला बेल्ट.

राहिला टेम्पोवाला. सहा हजार बंपरचे होते, मानेचे नव्हते, कारण मान दुसऱ्या दिवशी दुखायला लागली. त्यामुळे उपचाराचा खर्च मागणं यात हावरटपणा कसला. आणि पैसे त्या ड्रायव्हरच्या खिशातून जायलाच हवेत असंही नाही, प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे तो यासाठीच. पण अडचणही सरळ सांगते, पोलिसांत नोंद नाही आणि हॉस्पिटलने एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे अपघाताची कायदेशीर नोंद) केलेली नाही, म्हणजे अपघात झाला हे कागदावर कुठेच नाही. (बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा: छोटा अपघात असला तरी नंबर प्लेटचा फोटो, त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तिथे "अपघात झालाय" असं सांगून नोंद. कोणाची मान दुखत असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका, डोकं हलू देऊ नका, १०८ किंवा ११२ ला फोन करा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात.)

फक्त तुमच्या मानेचा प्रश्न असता आणि ती सुधारत असती तर मी म्हटलं असतं की बिलं बघा, धावपळ बघा आणि तुम्हीच ठरवा, सोडून दिलंत तरी चूक नाही. पण सासूबाईंचा मणका दबलेला निघाला तर गोष्ट बदलते. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अशा दुखापतीला चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाखांची तरतूद आहे. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तुमचे जवळजवळ दोन महिने गेलेत. तेव्हा त्यांचा एक्स-रे आला की थांबू नका, अपघात ज्यांच्या हद्दीत झाला त्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, उशीर का झाला ते खरं खरं लिहा, पोचपावतीचा शिक्का घ्या. टेम्पोचा नंबर, सहा हजार ऑनलाइन आले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट, गॅरेजचं बिल, औषधांची बिलं सगळं एका फाइलमध्ये. पैसे घेताना कुठल्या कागदावर सही केली होती का ते मिस्टरांना आजच विचारा. वकिलाच्या फीची काळजी करू नका, विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तुम्हालाही आणि सासूबाईंनाही.